शाही अंगरक्षक लिहायचाय? आधी तो कुठे बघतोय ते ठरवा

फँटसी लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींची हस्तलिखितं माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांतला अंगरक्षक आधी शोधतो. बहुतेक वेळा तो साडेसहा फूट उंच, अबोल, गालावर व्रण असलेला आणि नखशिखांत पोलादात बंद असतो. दरबारात सिंहासनाशेजारी उभा राहून राजाकडे बघत असतो आणि शेवटच्या प्रकरणात राजासाठी मरतो. मीही पहिल्यांदा असाच लिहिला होता. ते प्रकरण मी एका नातेवाइकांना वाचायला दिलं. पोलिस खात्यात बड्या लोकांच्या बंदोबस्तात त्यांची बरीच वर्षं गेलेली. वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "हा सारखा राजाकडे का बघतोय? राजा स्वतःलाच मारणार आहे का?"

मग ते पात्र मोडून पुन्हा बांधलं. ज्या क्रमाने बांधलं, तो क्रम इथे देतो. सोबत उदाहरणाला एक काल्पनिक राज्य घेऊ: शेवाळगड. राजा उदयन, वय वर्षं नऊ. त्याची अंगरक्षक राघी, वय एक्केचाळीस, नाइटचा किताब मिळालेली, डाव्या कानाने जवळजवळ ऐकू न येणारी. तो कान पुढे कामाला येईल.

१. राजाला भीती कोणाची, ते आधी लिहून काढा

तलवारीचं नाव, घोड्याचा रंग, ढालीवरचं चिन्ह हे सगळं नंतर. आधी कागदावर तीन नावं लिहा: राजा मेला तर कोणाचा फायदा होईल? ती तिन्ही माणसं राजवाड्याबाहेरची निघाली, तर पुन्हा विचार करा.

कौटिल्याने अर्थशास्त्रात मारल्या गेलेल्या राजांची एक यादी दिली आहे. राणीच्या महालात लपून बसलेल्या भावाने भद्रसेनाला मारलं. आईच्या शय्येखाली दडलेल्या मुलाने कारूशाला मारलं. काशीच्या राजाला राणीने मधाऐवजी विष लावलेल्या लाह्या खाऊ घातल्या. विदूरथाच्या राणीने वेणीत शस्त्र लपवलं होतं. कोणाला विषारी पैंजणाने मारलं, तर कोणाला आरशाने. ही यादी वाचताना लक्षात येतं की यातला एकही मारेकरी तटावरून चढून आलेला नाही. सगळे घरातले.

म्हणजे तुमच्या अंगरक्षकाला ज्यांच्यावर नजर ठेवायची आहे, त्यांनाच रोज मुजराही करायचा आहे. राजाच्या भावाला दारात अडवायचं तर कुठल्या शब्दांत? राणीच्या केसांत हात घालून तपासायचं तर कोणी? पात्रातला पहिला ताण इथे तयार होतो, आणि त्यासाठी एकही ड्रॅगन लागत नाही.

शेवाळगडात राजाला भीती आहे ती कारभार पाहणाऱ्या चुलत्याची. राघीला नेमलं आहे त्याच चुलत्याने. आता कथा आपोआप हलायला लागते.

२. माणूस कुठून आणायचा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. राजाच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, शस्त्र घेऊन उभं राहायची परवानगी सबंध राज्यात एकदोघांनाच असते. ती कोणाला द्यावी, यावर जगात दोन परस्परविरोधी उत्तरं दिली गेली आहेत आणि दोन्ही अनुभवातून आलेली आहेत.

कौटिल्य सांगतो, राजाजवळ वाडवडिलांपासून चाकरीत असलेली, मोठ्या घराण्यांशी नात्यागोत्याने बांधलेली, शिकलेली, निष्ठावंत आणि काम करून दाखवलेली माणसं ठेवावीत. परक्या देशातला, ज्याला धन-मान मिळालेला नाही असा माणूस जवळ करू नये. आणि स्वदेशातला असला तरी ज्याच्यावर पूर्वी अन्याय करून नंतर त्याला पुन्हा पदरी घेतलंय, असाही नको. हा शेवटचा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. फँटसीतले निम्मे अंगरक्षक नेमके याच जातीचे असतात: ज्याचं गाव राजाच्या बापाने जाळलं, तोच मुलाचा रक्षक. कथा म्हणून उत्तम, पण अशा माणसाला नेमलं कोणी आणि कोणाच्या डोळ्यांवर पट्टी होती, याचं उत्तर लेखकाकडे पाहिजे.

दुसरं उत्तर बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचं. इ.स. ९८८ च्या सुमारास सम्राट दुसरा बेसिल बंडाळीने घेरला गेला होता. आपल्याच सरदारांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. कीव्हच्या व्लादिमीरने त्याच्याकडे सुमारे ६,००० वरांगी योद्धे पाठवले आणि त्यांतून वरांगी रक्षकदल उभं राहिलं. उत्तरेकडचे हे लोक, खांद्यावर लांब दांड्याची कुऱ्हाड, दरबारी गटातटांशी देणंघेणं नाही, राजधानीत ना काका ना मामा. ज्याला कोणी नातेवाईक नाही त्याला फितवायचं कोणामार्फत, असा तो हिशोब. पुढे नॉर्वेचा राजा झालेला हाराल्ड हार्डराडासुद्धा तरुणपणी याच दलात चाकरीला होता. म्हणजे अंगरक्षकाला स्वतःच्या महत्त्वाकांक्षाही असतात, आणि पगार साठवून तो घरी परत जायचा विचार करत असतो.

गंमत म्हणजे पुढच्या काळात सम्राटाची कन्या आणि इतिहासकार अॅना कोम्निनी याच परक्यांबद्दल लिहिते, की सम्राटाशी इमान राखणं हा ते बापाकडून मुलाकडे येणारा वारसा मानतात. परके म्हणून आणलेले लोक शतकभरात कौटिल्याच्या व्याख्येत बसायला लागले होते.

तुमच्या राज्याने कुठलं उत्तर निवडलंय ते ठरवा, आणि त्याची किंमतही ठरवा. घरचा माणूस ठेवला तर त्याला भाऊ, मेहुणे, गावचा वाद आणि जमिनीचा खटला असणार. परका ठेवला तर त्याला गर्दीत कुजबुजलेली भाषा कळणार नाही. राघी परकी आहे. चुलत्याने तिला मुद्दाम उत्तरेकडून आणली, कारण इथे तिचं कोणी नाही. तिचं आता इथे एक जण आहे, नऊ वर्षांचा, हे मात्र त्याने धरलं नव्हतं.

३. पगार कोण देतं, ते लिहा

शपथेचं दृश्य लिहायला सगळ्यांना आवडतं: मशाली, गुडघे टेकणं, खांद्यावर तलवार. लिहा, पण त्याआधी पगारपत्रक लिहा.

रोमचं प्रिटोरियन दल हे सम्राटाचं रक्षण करणारं दल. इ.स. १९३ मध्ये याच दलातल्या सैनिकांनी पर्टिनॅक्स या सम्राटाला गादीवर येऊन तीन महिने व्हायच्या आत मारलं आणि छावणीच्या भिंतीवरून चक्क साम्राज्याचा लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानसने माणशी २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) कबूल केले आणि सम्राट झाला. तो टिकला ६६ दिवस.

आपल्याकडे याच धड्याला शनिवारवाड्याचा पत्ता आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी थकलेल्या पगाराची ओरड करत गारदी वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध'चा 'मा' आणि 'काका मला वाचवा' शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. लेखकाने पाहायची गोष्ट जरा बाजूला आहे. ज्यांनी वाड्याचं रक्षण करायचं तेच हत्यारं उपसून आले. आणि नारायणरावांना वाचवायला त्यांच्या अंगावर आडवा पडून जो मेला, तो चापाजी टिळेकर, शिपाई नव्हता. खिदमतगार होता.

तुमच्या कथेत किताब, चिलखत आणि मानाची तलवार एकाकडे असेल, आणि आडवं पडण्याची वेळ आल्यावर पुढे होणारा वेगळाच कोणी असेल, तर त्यात काही खोटं वाटणार नाही. मुदपाकखान्यातल्या, देवघरातल्या, फरासखान्यातल्या माणसांना म्हणूनच नावं द्या.

शेवाळगडात राघीचा पगार चुलत्याच्या खासगीतून येतो, सरकारी खजिन्यातून नाही. एवढी एक ओळ पहिल्या प्रकरणात टाकून ठेवा. पाचव्या प्रकरणात पगार थांबेल.

४. वाड्याचा नकाशा काढा

खरोखर काढा, पाठकोऱ्या कागदावर. देवड्या किती, प्रत्येकीवर कोण, परवलीचा शब्द कुठे बदलतो, राजा झोपतो कुठे आणि तिथून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का.

अर्थशास्त्रात राजा झोपेतून उठल्यापासूनची व्यवस्था दिली आहे. पहिल्या दालनात धनुर्धारी स्त्रियांचा पहारा. दुसऱ्यात अंगरखा-पागोटं घातलेले अंतःपुराचे सेवक. तिसऱ्यात कुबडे, बुटके आणि रानात राहणारे किरात. चौथ्यात मंत्री, आप्त आणि भालाधारी द्वारपाल. सर्वांत जवळचं वर्तुळ स्त्रियांचं आहे, हे लक्षात घ्या. राघीसारखं पात्र लिहिताना "बाई कशी काय अंगरक्षक?" याचा खुलासा करण्यात पानं घालवू नका. खुलासा न मागता ही प्रथा इथल्याच एका ग्रंथात बसली आहे.

न्हाव्याची तर फारच सुंदर सोय आहे. त्याने स्वतः अंघोळ करून, स्वच्छ वस्त्र नेसून यायचं आणि हत्यारं स्वतःची आणायची नाहीत. अंतःपुराच्या अधिकाऱ्याकडून मोहोरबंद घ्यायची. राजाच्या गळ्यावर रोज सकाळी वस्तरा फिरवणारा माणूस तुमच्या कादंबरीत आहे का? नसेल तर घाला.

५. अंगावर काय घालायचं

पूर्ण पोलादी चिलखताचं वजन साधारण २० ते २५ किलो. ते अंगभर वाटलं जात असल्याने त्यात धावता येतं, घोड्यावर चढता येतं. क्रेनने उचलून बसवावं लागायचं वगैरे सगळ्या थापा आहेत. अडचण दुसरीच आहे. चेहऱ्यावरची झडप खाली केली की फटीतून समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही, आणि ऐकूही कमी येतं. रणांगणावर ते परवडतं. गर्दीत ज्याचं कामच बघणं आणि ऐकणं आहे, त्याला नाही. शिवाय रात्री जिन्यावर खणखणाट होतो, तो वेगळाच.

म्हणून पूर्ण चिलखत समारंभापुरतं. रोजच्याला कपड्यांच्या आत कड्यांचं चिलखत (तेही दहाएक किलोचं असतं) किंवा नुसता जाड, थरांचा शिवलेला अंगरखा. प्रतापगडाच्या भेटीला शिवाजी महाराज अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घालून गेले होते, हे आपल्याला माहीतच आहे.

शस्त्रही जागा बघून द्या. दोन हातांनी चालवायची लांब तलवार दीड किलोच्या आसपास असते, काही फार जड नाही, पण अरुंद बोळात ती फिरवायची कशी? राघीकडे कमरेला आखूड तलवार आहे, पाठीला छोटी ढाल आहे आणि कट्यार. ढाल सर्वांत महत्त्वाची, कारण ती दुसऱ्यासाठी वापरता येते.

६. नजर कुठे, कान कुठे, झोप कधी

आता ते नातेवाइकांचं म्हणणं. रक्षक राजाकडे पाठ करून किंवा तिरका उभा राहतो आणि लोकांचे हात बघतो. चेहरा खोटं बोलू शकतो. वार करायचा तर हात हलवावाच लागतो. राघी राजाच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे उभी राहते. त्यामुळे बहिरा कान राजाकडे, चांगला कान गर्दीकडे आणि तलवारीचा हात मोकळा.

देवदर्शनाची मिरवणूक आहे. राजा पालखीतून उतरून चालायचा हट्ट धरतो. गर्दीत एक बाई, काखेत झेंडूची टोपली, एक हात फुलांवर आणि दुसरा टोपलीवरच्या फडक्याखाली. तो दुसरा हात बाहेर येत नाही. बाई पुढे सरकते. राघी तलवार काढत नाही, ओरडत नाही. मुलाच्या मानेवर तळहात टेकवते, दाबते, आणि ठरल्याप्रमाणे मुलगा मटकन खाली बसतो. त्याच क्षणी ढाल त्याच्या डोक्यावर. फडकं सरकतं. खाली एक तान्हं मूल असतं, बाईने त्याचा पाय धरलेला. लोक हसतात. चुलता सर्वांत मोठ्याने हसतो. राजाच्या गुडघ्याला खरचटलंय आणि तो रागाने रडतोय.

काहीच घडलं नाही. अंगरक्षकाची नोकरी बहुतांशी अशीच असते, आणि असा एक प्रसंग आधी लिहिला तरच पुढचा खरा हल्ला वाचकाला लागतो. कारण पुढच्या वेळी राघी अर्धा श्वास थांबेल.

झोपेचंही ठरवा. एकटा माणूस चोवीस तास पहारा देऊ शकत नाही. किमान तीन पाळ्या लागतात. पाळी बदलण्याच्या त्या काही मिनिटांत दोन रक्षक एकमेकांशी बोलत असतात, राजाकडे कोणाचंच लक्ष नसतं. मारेकरी हुशार असेल तर तो हीच वेळ निवडेल.

७. जादू असेल तर

इथे थोडक्यात आटपतो, कारण नियम एकच आहे: तुमच्या जादूने जे करता येतं, त्याच्यावर वाड्याने आधीच तोड काढलेली असली पाहिजे. रूप बदलता येत असेल तर राजा आणि रक्षक यांच्यात रोज बदलणारा परवलीचा शब्द हवा. नजरेने मारता येत असेल तर सगळ्या वाड्यात पडदे आणि जाळ्या हव्यात. लोक शेकडो वर्षं त्या जादूसोबत राहत आले आहेत, ती काल सापडलेली नाही.

नमुना हवा तर पुन्हा कौटिल्य. विष जवळ आलं की क्रौंच पक्षी धुंद होतो, चकोराचे डोळे लाल होतात, पोपट-मैना सापाच्या विषाच्या शंकेने ओरडतात, आणि अन्नाचा घास विस्तवात टाकला तर ज्वाळ-धूर निळा होऊन तडतडतो, असं तो सांगतो. हे खरं किती हा प्रश्न सोडा. राजाच्या ताटापाशी पिंजरे टांगलेले, आणि पक्ष्यांच्या डोळ्यांकडे बघत थांबलेला आचारी. यापेक्षा चांगली जादू मला तरी सुचलेली नाही.

८. हल्ला

तीन पानांचं द्वंद्व लिहिलं असेल तर दोन पानं काढा. फ्रान्सचा चौथा हेन्री १४ मे १६१० रोजी पॅरिसच्या एका अरुंद रस्त्यात मारला गेला. पुढे गाड्या अडल्या म्हणून बग्गी थांबली, रावैयाक नावाचा मारेकरी चाकावर चढला आणि त्याने सुरा मारला. रक्षकांच्या ताफ्याला राजाने स्वतःच नको म्हटलं होतं. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इ.स.पू. ३३६ मध्ये मुलीच्या लग्नसोहळ्यात रक्षकांना लांब राहायला सांगितलं, आणि त्याच्याच रक्षकांपैकी पॉसेनियसने त्याला भोसकलं. फिलिपला लोकांसमोर निर्भय दिसायचं होतं. राजाचा हा मान आणि रक्षकाची भीती यांतला झगडा हल्ल्याच्या आदल्या दृश्यात लिहा.

नेमकेपणा बघायचा तर १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाची भेट बघा. दोन्ही बाजूंना दहा-दहा अंगरक्षक ठरलेले. अफजलखानाचा रक्षक सय्यद बंडा शामियान्यात नको, असं महाराजांनी आधीच सांगून त्याला दूर करवलं, म्हणजे रक्षणाचं निम्मं काम भेटीआधीच झालं. तरी झटापटीनंतर बंडा धावून आलाच, आणि त्याचा हात जिवा महालाने वरच्या वर छाटला. एक वार. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण उरली, ती या एका वारावर. जिवा त्या वेळी दुसरीकडे कोणाशी शौर्याने लढत असता तर?

म्हणून राघीचा क्रम असा: आधी मुलाला झाकायचं, मग तिथून काढायचं, आणि वाटेत कोणी आडवा आला तरच लढायचं. मारेकऱ्याचा पाठलाग दुसरे करतील. ६ मे १५२७ रोजी रोमवर हल्ला झाला तेव्हा पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ मेले, ते पायऱ्यांवर वेळ काढत; उरलेल्या ४२ जणांनी पोप सातव्या क्लेमेंटला उंच भिंतीवरच्या वाटेने कास्तेल सांत'अँजेलो या किल्ल्यात पोचवलं. मेलेल्यांच्या आठवणीत नवे रक्षक अजून त्याच तारखेला शपथ घेतात. पण पोप वाचला तो त्या ४२ जणांच्या पायांमुळे. तुमच्या कथेत कोण मागे थांबणार आणि कोण पळणार हे कोणी ठरवलं, ते एक दृश्य जरूर लिहा.

९. त्यानंतर

रक्षक शेवटी मेलाच पाहिजे असं नाही. फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्रीला १५५९ मध्ये खेळाच्या झुंजीत ज्याच्या मोडलेल्या भाल्याची कपची शिरस्त्राणातून डोळ्यात घुसली, तो माँटगोमेरी राजाच्याच स्कॉटिश रक्षकदलातला अधिकारी होता. राजाने मरताना त्याला दोष दिला नाही म्हणतात. पण तो माणूस पुढे पंधरा वर्षं जगला, बाजू बदलून राजसत्तेविरुद्ध लढला आणि १५७४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. चुकून राजा मारलेल्या रक्षकाची ती पंधरा वर्षं कोणीतरी लिहायला हवीत.

राघीला मी जिवंत ठेवली. ती पन्नाशीला आली, उदयन मोठा झाला, चुलता मेला. तिच्या जागी एक तरुण मुलगी आली. तिचे दोन्ही कान शाबूत आहेत आणि ती डावखुरी आहे. तरी ती राजाच्या उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे उभी राहते, कारण राघी तिथे उभी राहायची. का, हे तिने विचारलं नाही आणि राघीने सांगितलं नाही. गेली दहा वर्षं राजाला वस्तरा करणाऱ्या न्हाव्याच्या मात्र ते लक्षात आलेलं आहे.